वीट फुटली की कोणी काय करायचं?

गेल्या अंकात विटा फोडायचा गेम करून बघा असं म्हटलं होतं. ब्राउझरमध्येच, नुसता कॅनव्हास (पानावरची चित्र काढायची जागा) आणि जावास्क्रिप्ट (ब्राउझरची प्रोग्रामिंग भाषा), कुठलंही गेम इंजिन न घेता आणि जमेल तितकं ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने (ओओपी, म्हणजे प्रत्येक वस्तूची माहिती आणि तिचं काम एकत्र ठेवून). खाली एक पॅडल, वर विटांच्या रांगा, मधे फिरणारा बॉल, एवढंच. पत्रं आणि मेल भरपूर आले, आणि मला खूप आनंद झाला कारण बहुतेकांनी गेम खरंच लिहायला घेतलाय आणि जिथे अडले नेमकं तेच विचारलंय. सगळ्यांना जागा देता येत नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्लास, ऑब्जेक्ट, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम सगळ्याच्या व्याख्या मला येतात, तोंडी परीक्षेत धडाधड सांगते. पण गेम लिहायला बसले तर सगळं एकाच फाईलमध्ये आणि वर ग्लोबल व्हेरिएबलची ही मोठी रांग. एक बॉल होता तोवर मस्त चाललं, मग वाटलं पॉवर (वरून पडणारं बक्षीस) घेतली की तीन बॉल व्हावेत, तर आता बॉलएक्स२, बॉलएक्स३ करत बसलेय आणि काहीच धड चालत नाहीये. यात क्लास नक्की कुठे घालायचा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अगं, तू बरोबर जागी येऊन थांबली आहेस. दुसरा बॉल हवासा वाटला की तिथेच क्लासची गरज पहिल्यांदा खरी वाटते. कॉलेजात प्राणी, कुत्रा, मांजर अशी उदाहरणं देतात आणि कुत्रा भुंकतो म्हणून स्क्रीनवर एक ओळ छापतात, पण त्या भुंकण्यावर पुढे काहीच अवलंबून नसतं, त्यामुळे क्लास नसता तरी काय बिघडलं असतं ते कळतच नाही. तुझ्या गेममध्ये बिघडलंय आणि ते तुला दिसतंय.

आता तुझी ग्लोबल व्हेरिएबल नीट बघ. बॉलचा एक्स, वाय, दोन दिशांचे दोन वेग आणि त्रिज्या, ही पाच कायम एकत्र फिरतात, एकाला हात लावला की बाकीच्यांना लावावाच लागतो. जे आकडे असे जोडीने फिरतात आणि त्यांना हात लावणारा कोड ठरलेला असतो, ते आकडे आणि तो कोड एका जागी ठेवणं म्हणजे क्लास, आणि त्या साच्यातून बनलेला प्रत्येक बॉल म्हणजे ऑब्जेक्ट. बॉल नावाचा क्लास कर, कन्स्ट्रक्टरमध्ये (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) ही पाच मूल्यं घे आणि सध्या दोनच मेथड (क्लासने करायची कामं) लिही, हलव आणि काढ. हलव मेथड वेगाप्रमाणे जागा बदलते, काढ मेथड कॅनव्हासवर गोल काढते. गोल काढताना दरवेळी आधी बिगिन पाथ करायला विसरू नकोस, नाहीतर जुने सगळे गोल परत परत काढले जातात आणि गेम हळूहळू रखडायला लागतो.

मग सगळ्या बॉलची यादी ठेवायला बॉल्स नावाचा एक अ‍ॅरे. प्रत्येक फ्रेमला (स्क्रीनवर नवं चित्र काढायच्या प्रत्येक वेळी) त्यातल्या प्रत्येकाला सांगायचं,

बॉल.हलव(वेळ);
बॉल.काढ(चित्र);

संपलं. तीन बॉल हवेत तर अ‍ॅरेमध्ये वेगळ्या दिशेचे दोन नवे बॉल ढकलायचे, लूपमधली एकही ओळ बदलत नाही. (जावास्क्रिप्टमध्ये नावं देवनागरीत खरंच चालतात बरं का, बॉल, वीट, हलव अशी, फक्त भाषेचे स्वतःचे शब्द इंग्रजीत राहतात. चार जणांबरोबर काम करताना इंग्रजी नावंच ठेवतात, पण एकटीने शिकताना मराठी नावं देऊन बघ, कोड वाचताना कोण काय करतंय ते पटकन डोळ्यात भरतं.)

एक जागा मात्र सांभाळ. बॉल खाली पडला की तो अ‍ॅरेतून काढायचा, पण लूप चालू असताना स्प्लाइस करू नकोस (म्हणजे मधूनच काढून टाकू नकोस), कारण एक काढला की पुढचे सगळे एक घर मागे सरकतात आणि लगेचचा बॉल त्या फ्रेमला तपासलाच जात नाही. बॉलवर नुसती खूण कर, संपला म्हणून, आणि लूप झाल्यावर फिल्टरने न संपलेले ठेव. आणि लाइफ बॉल पडल्यावर कमी करू नकोस, अ‍ॅरे रिकामा झाल्यावर कर. बॉलला बाकीचे बॉल किती उरलेत ते माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही, ते गेमचं काम.

हे काम कोणाचं, हा एकच प्रश्न प्रत्येक ओळीला विचारत जा. ही पद्धत मुळात अशाच कामासाठी जन्माला आली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांना खऱ्या जगातल्या गोष्टींच्या हालचाली कम्प्युटरवर चालवून बघायच्या होत्या, म्हणजे सिम्युलेशन, त्यातून सिम्युला ६७ ही भाषा आली आणि क्लास, ऑब्जेक्ट, इन्हेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याचे गुण घेणं) तिथून पुढे सगळीकडे पसरलं. तुझा गेम हेही एक छोटं सिम्युलेशनच आहे. म्हणून माझं ठाम मत आहे की ओओपी शिकायला गेमइतकी चांगली जागा नाही.

प्रश्न : मी क्लासेस केले, बॉल, पॅडल, वीट, स्कोरबोर्ड, आवाज, सगळे वेगळे. पण वीट फुटली की स्कोर वाढायला हवा, आवाज यायला हवा, कधीकधी पॉवर पडायला हवी आणि शेवटची वीट असेल तर लेव्हल बदलायला हवी. म्हणून विटेच्या क्लासला स्कोरबोर्ड दिला, आवाज दिला, मग गेमच दिला. आता सगळ्यांना सगळे माहीत आहेत आणि एक बदललं की तीन ठिकाणी एरर. दुसरा प्रयत्न केला तर सगळं गेम क्लासमध्येच गेलं आणि तो प्रचंड मोठा झालाय. यात बरोबर काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : यावेळचा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हा. तुम्ही दोन्ही टोकं बघून आलात म्हणून जरा सविस्तर सांगते.

विटा फोडायचा मूळ गेम म्हणजे अटारी या व्हिडिओ गेम कंपनीचा ब्रेकआउट, १९७६ सालचा. त्याचं काम अटारीत स्टीव्ह जॉब्जकडे आलं होतं आणि बोर्डचा नमुना त्याच्यासाठी स्टीव्ह वॉझनियॅकने बनवला. त्या मशीनमध्ये मायक्रोप्रोसेसर नव्हताच, त्यामुळे प्रोग्राम असा नव्हताच, सगळे नियम चिप्स आणि त्यांच्या जोडण्यांमध्ये. स्क्रीनसुद्धा ब्लॅक अँड व्हाइट, विटांचे रंग दिसावेत म्हणून काचेवर रंगीत पट्ट्या लावलेल्या. पुढे वॉझनियॅकने हाच गेम अ‍ॅपल टू कम्प्युटरवर बेसिक भाषेत लिहिला, म्हणजे जे वायरिंगमध्ये करावं लागत होतं ते त्याला टाइप करून बदलता यायला लागलं.

त्या गेमचे नियम कागदावर मांडून बघा. विटांच्या ८ रांगा, दोन-दोन रांगा एका रंगाच्या, खालून वर पिवळ्या, हिरव्या, नारिंगी, लाल. पिवळ्या विटेला १ गुण, हिरवीला ३, नारिंगीला ५, लालला ७. रांगेत १४ विटा, म्हणजे एका स्क्रीनचे ४४८ गुण. बॉल ४ वेळा लागल्यावर वेग वाढतो, १२ वेळा लागल्यावर परत वाढतो, नारिंगी आणि लाल रांगेला लागला की अजून वाढतो. आणि बॉल लाल रांग फोडून वरच्या भिंतीला पोचला की पॅडल निम्मं होतं.

आता एकेक नियम घ्या आणि विचारा, कोणाचं काम.

गुण विटेचे. लाल विटेला आपण ७ गुणांची आहोत हे माहीत असावं, पण एकूण किती झाले हे तिला कशाला माहीत हवं? किती वेळा लागला हा हिशेब बॉलचा, कारण उद्या तीन बॉल झाले तर प्रत्येकाचा वेगळा मोजावा लागेल, आणि वेग वाढवणंही बॉलचंच. पॅडल निम्मं करणं, म्हणजे स्वतःची रुंदी बदलणं, हे पॅडलचं. पण ते कधी करायचं? बॉल वरच्या भिंतीला लागल्यावर. हे बॉलने पॅडलला सांगायचं का? इथेच बहुतेक जण बॉलच्या हातात पॅडल देतात आणि गुंता सुरू होतो. बॉलला वरची भिंत लागली एवढंच त्याला कळतं, त्याचा अर्थ काय हा गेमचा नियम आहे, तो गेमने लावायचा. गेमने पॅडलला म्हणायचं, निम्मं हो. पॅडलने ते कसं व्हायचं ते स्वतः बघायचं, मध्यबिंदू तोच ठेवून रुंदी कमी करायची, आणि आधीच निम्मं असेल तर परत व्हायचं नाही.

तर तुमच्या विटेला एकच मेथड पुरते, बॉल लागला. ती स्वतःची ताकद (अजून किती वेळा लागल्यावर फुटायचं तो आकडा) एकाने कमी करते आणि फुटली की नाही एवढं परत सांगते. पुढचं गेम करतो,

if (वीट.लागला()) { स्कोर.वाढव(वीट.गुण); आवाज.वाजव('फुटली'); }

विटेला स्कोर माहीत नाही, स्कोरला वीट माहीत नाही, स्कोरला फक्त एक आकडा मिळतो.

आता तुमची दुसरी तक्रार, मग गेम क्लासच सगळं करतो. फरक असा बघा की गेम ठरवतो आणि सांगतो, करत नाही. लग्नघरात एकच काका वरमाला आणायलाही जाणार, गुरुजींना घ्यायलाही जाणार आणि पंगतीत वाढणारही तेच, तर मुहूर्त गाठणं कठीण; तेच काका दारात उभे राहून कोणाला कुठे पाठवायचं ते सांगत असतील तर घर चालतं. तुमचा गेम क्लास उघडा आणि त्यात गोल काढायची ओळ, स्कोरचे शून्य जोडायची ओळ, विटेचा रंग ठरवायची ओळ सापडते का बघा. सापडली तर ती ज्याची त्याच्याकडे पाठवा. मोठेपणा बराचसा तिथेच कमी होईल.

इव्हेंट वापरू का असंही काहींनी विचारलंय, म्हणजे गेमने वीट फुटली अशी घोषणा करायची आणि स्कोर, आवाज, पॉवर यांनी आपापलं ऐकून आपापलं करायचं. चांगली पद्धत आहे, मोठ्या गेममध्ये लागतेच. पण दोन-तीनच ऐकणारे असतील तर सरळ मेथड बोलवा, कारण सरळ ओळ वाचली की कळतं कशानंतर काय होतं, घोषणेत ते शोधत बसावं लागतं. ऐकणारे वाढायला लागले की मग बदला, तेव्हा तो बदल फक्त गेम क्लासमध्ये होईल.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर गेम एकदम बरोबर वेगात चालतो, मित्राच्या गेमिंग मॉनिटरवर दुप्पट वेगात पळतो. आणि दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलं की बॉल गायब! (ठाणे आणि बेळगावहून आलेले दोन प्रश्न एकत्र)

उत्तर : दोन्हीचं कारण एकच. रिक्वेस्ट अ‍ॅनिमेशन फ्रेम (ब्राउझरचं तयार फंक्शन) तुमचं फंक्शन स्क्रीन जितक्या वेळा नवी होते तितक्या वेळा बोलावतं. साध्या स्क्रीनवर सेकंदाला ६० वेळा, १२० हर्ट्झच्या मॉनिटरवर १२० वेळा. तुम्ही दर फ्रेमला बॉल ५ पिक्सेल सरकवताय, म्हणजे एकीकडे सेकंदाला ३०० पिक्सेल आणि दुसरीकडे ६००.

वेग फ्रेममागे मोजू नका, सेकंदामागे मोजा. रिक्वेस्ट अ‍ॅनिमेशन फ्रेम तुमच्या फंक्शनला आत्ताची वेळ मिलिसेकंदात देतं, मागच्या फ्रेमची वेळ वजा करा, हजाराने भागा, तो सेकंदाचा तुकडा हलव मेथडला द्या. बॉलचा वेग ३००, तुकडा एकीकडे साधारण ०.०१६७ आणि दुसरीकडे ०.००८३, त्यामुळे एकीकडे ५ पिक्सेल आणि दुसरीकडे अडीच, एका सेकंदात दोन्हीकडे ३००च. आणि वेळ फक्त गेमने मोजायची, बॉलने घड्याळ बघायचं नाही. म्हणजे पॉज करायचं झालं तर गेम कोणाला हलवायलाच सांगत नाही, स्लो मोशनची पॉवर हवी तर तोच तुकडा निम्मा करून देतो, बॉलच्या क्लासला हातही लावावा लागत नाही.

टॅबचं असं, की तुम्ही दुसऱ्या टॅबवर गेलात की ब्राउझर या फ्रेम थांबवतो. २० सेकंदांनी परत आलात की पहिला तुकडाच २० सेकंदांचा, म्हणजे बॉल एका उडीत ६००० पिक्सेल पुढे. तुकड्याला वरची मर्यादा घाला, एका सेकंदाचा तिसावा भाग पुरे.

आणि याच उडीमुळे वेग वाढला की बॉल विटेच्या आरपार जातो, तेही एका वाचकाने विचारलंय. वेग ९००, तुकडा एक तिसांश, म्हणजे एका फ्रेमला ३० पिक्सेल, वीट २० पिक्सेल जाड आणि बॉल अगदी छोटा, तर एका फ्रेमला बॉल विटेच्या अलीकडे आणि पुढच्या फ्रेमला पलीकडे, मधे कोणी बघितलंच नाही. मोठा तुकडा चार छोट्या तुकड्यांत वाटून प्रत्येक वेळी हलवा आणि धडक तपासा.

प्रश्न : बॉल कधीकधी पॅडलला चिकटतो आणि थरथरत राहतो, मग पॅडलमधूनच खाली जातो. वेग उलटा केलाय की! (एक वाचक, अमरावती)

उत्तर : वेग उलटा करणं हेच इथे नडतंय. एक फ्रेम नीट बघा. बॉल पॅडलमध्ये ४ पिक्सेल घुसला, धडक सापडली, वेगाचं चिन्ह बदललं, बॉल वर निघाला. पुढचा तुकडा जरा लहान आला, बॉल ३च पिक्सेल वर गेला, अजून १ पिक्सेल आतच आहे. परत धडक, परत चिन्ह बदललं, आता बॉल खाली! म्हणून थरथर. चिन्ह बदलू नका, दिशा ठरवून द्या. पॅडलला लागलेला बॉल वरच जाणार, तर वायचा वेग घ्या, त्याचं ऋण-धन काढून टाका आणि पुढे उणे लावा, कारण कॅनव्हासवर वाय खाली वाढतो. आणि बॉल उचलून बरोबर पॅडलच्या वरच्या कडेवर ठेवा.

इथेच अजून एक करून बघा, गेमला खरी मजा यातून येते. बॉल पॅडलच्या कुठे लागला त्यावर कोन ठरवा. बॉलच्या एक्समधून पॅडलचा मध्य वजा करा आणि पॅडलच्या अर्ध्या रुंदीने भागा, उणे १ ते १ मधलं उत्तर येतं (अगदी कडेला लागला तर जरा बाहेर जातं, ते १ वर अडवा). त्याला ६० अंशांनी गुणा, जावास्क्रिप्टला रेडियन लागतात म्हणून पाय (π) भागिले ३. मग आडवा वेग म्हणजे एकूण वेग गुणिले साइन, उभा वेग म्हणजे उणे एकूण वेग गुणिले कोसाइन. एकूण वेग तोच राहतो, दिशा खेळणाऱ्याच्या हातात येते. आधी बॉल नुसता अडवायचा असतो, आता नेम धरता येतो.

विटांसाठी, बॉलच्या मध्यापासून विटेचा सगळ्यात जवळचा बिंदू काढा (एक्सला विटेच्या डाव्या-उजव्या कडेत अडवायचं, वायला वरच्या-खालच्या), त्या बिंदूचं अंतर त्रिज्येपेक्षा कमी असेल तर धडक. वर्गमूळ काढू नका, दोन्हीकडे वर्गच ताडून बघा. आणि एकाच फ्रेममध्ये शेजारच्या दोन विटांना बॉल लागला तर दोनदा उलटू देऊ नका, दोनदा उलटला म्हणजे उलटलाच नाही आणि तो भिंत फाडत वर जातो. फ्रेमला एका दिशेचं उलटणं एकदाच. म्हणूनच हे धडक तपासणं बॉलमध्येही घालू नका आणि विटेतही नाही, कारण सगळ्या विटा एकदम दिसल्याशिवाय हा निर्णय होत नाही. वेगळा क्लास करा किंवा साधं फंक्शन लिहा, प्रत्येक गोष्ट क्लासच असली पाहिजे असं काही नाही.

प्रश्न : मी आयटीत आहे, ऑफिसात जावा भाषेत काम. म्हणून बेस क्लास गेमवस्तू, त्यातून हलणारी वस्तू, त्यातून गोल हलणारी वस्तू, त्यातून बॉल, दुसरीकडे स्थिर वस्तू, त्यातून वीट, अशी व्यवस्थित रचना केली. आता मला डावीकडे-उजवीकडे सरकणाऱ्या विटा हव्यात आणि वीट तर स्थिर वस्तूच्या फांदीत बसलीये. (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमच्या रचनेत वीट काय आहे ते नावातच ठरून गेलं आणि आता ती बदलायची म्हटली की फांदीच तोडावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये जावासारखाच एका क्लासला एकच आईबाप क्लास मिळतो, त्यामुळे दोन्ही फांद्यांतून घेता येत नाही.

चाल विटेतून बाहेर काढा. स्थिर चाल हा एक छोटा ऑब्जेक्ट, डावी-उजवी चाल हा दुसरा, दोघांनाही सरकव ही मेथड. वीट बनवताना तिला चाल द्या, विटेची हलव मेथड नुसती चालीला म्हणते सरकव. उद्या गोल फिरणारी वीट हवी तर नवी चाल लिहायची, विटेला हात नाही. १९९४ साली चौघांनी मिळून लिहिलेल्या डिझाईन पॅटर्न्सच्या पुस्तकात हाच सल्ला आहे, इन्हेरिटन्सपेक्षा कंपोझिशनला (हवा तो भाग असा बाहेरून जोडून देण्याला) आधी पसंती द्या.

आणि पॉलिमॉर्फिझमसाठी (एकाच नावाची मेथड प्रत्येकाने आपापल्या तऱ्हेने करण्यासाठी) इथे बेस क्लास लागतच नाही. ज्याला हलव आणि काढ या मेथड आहेत तो गेमच्या यादीत बसतो, जावास्क्रिप्ट कुळ विचारत नाही. या भाषेचा स्वभावच तसा आहे. ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत तिचा पहिला नमुना १० दिवसांत केला तेव्हा सेल्फ नावाच्या भाषेवरून प्रोटोटाइपची (एका ऑब्जेक्टने दुसऱ्या ऑब्जेक्टकडूनच थेट गुण घेण्याची) कल्पना घेतली, क्लास हा शब्द तर २०१५ मध्ये आला आणि त्याच्या आतही प्रोटोटाइपच चालतो.

इन्हेरिटन्स अजिबात नको असं मात्र मी म्हणणार नाही. पडणाऱ्या पॉवर घ्या. सगळ्या सारख्याच पडतात, सारख्याच पकडल्या जातात, फरक फक्त पकडल्यावर काय होतं इथे. तिथे पॉवर हा बेस क्लास आणि खाली लांब पॅडल, तीन बॉल, हळू बॉल, प्रत्येकाला फक्त लागू कर ही एक मेथड. एकच पायरी, आणि छान बसते.

काही झटपट उत्तरं, कारण हे प्रश्न अनेकांनी विचारलेत.

लूप मेथड रिक्वेस्ट अ‍ॅनिमेशन फ्रेमला दिली आणि अनडिफाइंडची एरर आली : मेथड अशी सुटी दिली की तिचा धिस हरवतो, कोणाच्या वतीने चालायचं ते तिला कळत नाही. अ‍ॅरो फंक्शनमध्ये गुंडाळून द्या.

बटण दाबून ठेवलं की पॅडल आधी अडखळतं आणि मग पळतं : तो कीबोर्डचा स्वभाव, टाइप करताना अक्षर जसं जरा थांबून रिपीट होतं तेच हे. की दाबल्याच्या इव्हेंटवर पॅडल हलवू नका. दाबलेल्या बटणांचा एक सेट ठेवा, दाबलं की टाका, सोडलं की काढा, आणि दर फ्रेमला पॅडलने सेट बघावा. विंडोचा फोकस गेला की सेट रिकामा करा, नाहीतर परत आल्यावर पॅडल आपोआप एका दिशेला जात राहतं.

क्लासेस वेगळ्या फाईलमध्ये काढले आणि पान कोरं : तुम्ही फाईल डबल क्लिक करून उघडताय. तशा उघडलेल्या पानाला ब्राउझर मॉड्यूल (वेगळ्या फाईलमधला कोड) आणू देत नाही, कम्प्युटरवरच छोटा लोकल सर्व्हर चालवा.

हाय स्कोर ९० असताना १०० केले तरी बदलत नाही : लोकल स्टोरेज (ब्राउझरमधली साठवायची जागा) सगळं मजकूर म्हणून ठेवतं, आणि दोन्ही बाजूंना मजकूर असला तर पहिलं अक्षर ९ हे १ पेक्षा मोठं, म्हणून ९० जिंकतात. वाचल्यावर नंबर करून घ्या. हे वाचणं आणि लिहिणं स्कोरच्या क्लासमध्ये एकाच जागी असेल तर एकदाच दुरुस्त करावं लागेल.

सुरुवातीचा आवाज येत नाही : खेळणाऱ्याने काहीतरी दाबेपर्यंत ब्राउझर आवाज अडवतो. सुरू करा असं बटण ठेवा आणि ते दाबल्यावर आवाज चालू करा.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे, स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची मुलांची भाषा) गेम करतो. त्याला ब्राउझरमधला खरा गेम शिकायचाय. ओओपी या वयात झेपेल का, की आधी दुसरं काही शिकवू? (एक पालक, नागपूर)

उत्तर : तुमचा मुलगा ओओपी करतोच आहे, त्याला ते नाव कोणी सांगितलेलं नसेल एवढंच. स्क्रॅच एमआयटीने २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, त्याच्या पहिल्या आवृत्त्या स्क्वीक या स्मॉलटॉकच्या एका रूपात लिहिलेल्या होत्या, आणि स्मॉलटॉक म्हणजे झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली भाषा, ऑब्जेक्ट ओरिएंटेड हा शब्दही केंचाच. ऑब्जेक्टपेक्षा त्यांनी एकमेकांना पाठवलेले निरोप जास्त महत्त्वाचे असं ते सांगत आलेत, आणि स्क्रॅचमध्ये तुमचा मुलगा ब्रॉडकास्ट वापरत असेल तर तो निरोपच पाठवतोय. शिवाय २०१९ पासूनचं स्क्रॅच फ्लॅश हे वेगळं सॉफ्टवेअर न जोडता चालतं, त्यामुळे त्याचा आत्ताचा गेमही ब्राउझरमधला खराच गेम आहे, हे त्याला जरूर सांगा.

त्याला विटांचा गेम आधी स्क्रॅचमध्येच करू द्या. विटेचा एकच स्प्राइट (स्क्रॅचमधलं पात्र), बाकी सगळ्या विटा त्याच्या क्लोन, म्हणजे नकला. आणि ताकद नावाचं व्हेरिएबल बनवताना तिथे विचारलं जातं, सगळ्या स्प्राइटसाठी की फक्त या स्प्राइटसाठी. दोन्ही करून बघायला सांगा. सगळ्यांसाठी निवडलं तर एका विटेला बॉल लागला की सगळ्यांची ताकद कमी होते आणि सगळ्या एकदम फुटतात. फक्त या स्प्राइटसाठी निवडलं तर प्रत्येक क्लोनला स्वतःची ताकद मिळते आणि लागेल तीच वीट फुटते. हे त्याने डोळ्यांनी बघितलं की जावास्क्रिप्टमध्ये क्लास लिहिताना ताकदीच्या आधी धिस का लावायचं ते वेगळं समजवावं लागणार नाही. मग बॉल, पॅडल, वीट याच क्रमाने एकेक स्प्राइट जावास्क्रिप्टमध्ये आणायचा, आणि प्रत्येक टप्प्यावर गेम चालता ठेवायचा, मग भले पहिल्या आठवड्यात नुसता बॉल भिंतीवरून उसळत असेल.